किल्ल्या आणि हिशोब

परवा भाचीचा सामान्यज्ञानाचा अभ्यास घेत होते. ‘पहिल्या महिला’ हा धडा. सिरिमावो बंदरनायके, इंदिरा गांधी, गोल्डा मायर... बाईसाहेब घडाघडा म्हणून दाखवत होत्या. मध्येच थांबून म्हणाली, ‘‘मावशी, पहिली झाल्यावर पुढे काय झालं गं त्यांचं?’’

या प्रश्नानं मला त्या धड्यात नसलेल्या दोघी आठवल्या. दोघीही क्रोएशियाच्या, दोघीही कम्युनिस्ट, दोघीही कोवळ्या वयात महायुद्धात पार्टिझान झालेल्या.

साव्का दाब्चेविच-कुचार हिचा जन्म १९२३ चा, कोर्चुला बेटावरचा. ती अर्थशास्त्राची प्राध्यापक. कम्युनिस्ट असून डॉक्टरेट केली ती केन्सवर! १९६७ मध्ये ती क्रोएशियाच्या सरकारची प्रमुख झाली. क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियाच्या सहा प्रजासत्ताकांपैकी एक, म्हणजे पद साधारण आपल्या मुख्यमंत्र्यासारखं. युरोपात सरकारची प्रमुख झालेली ती पहिली स्त्री मानली जाते. १९६९ मध्ये तिथल्या पक्षाची सूत्रंही तिच्याकडे आली.

मग तिनं हिशोब मागितला. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर परदेशी पर्यटक यायचे, क्रोएशियन कामगार पश्चिम जर्मनीतून घरी पैसे पाठवायचे. हे परकीय चलन आमच्याकडे जास्त का राहत नाही, बेलग्रेडला का जातं, हा तिचा प्रश्न. मे १९७१ मध्ये झाग्रेबच्या चौकात तिला ऐकायला अफाट गर्दी लोटली. लोक तिला नुसतं ‘साव्का’ म्हणायचे. पण पैशांचा प्रश्न हळूहळू अस्मितेचा झाला. क्रोएशियातले सर्ब लोक धास्तावले, विद्यार्थी संपावर गेले. ते वेळीच आवरायला ती कमी पडली, असं मला वाटतं. डिसेंबरात टिटोंनी क्रोएशियाच्या नेत्यांना बोलावून खडसावलं आणि साव्कानं राजीनामा दिला. पुढच्या वर्षी पक्षातूनही काढलं. अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एवढी शिकलेली, बोलकी बाई घरी बसली.

तिच्या खुर्चीवर आली मिल्का प्लानिन्त्स. ‘‘बघा, बाईच बाईची शत्रू!’’ असं इथे कुणीतरी म्हणणारच. मला ते पटत नाही. निर्णय टिटोंचा होता. मिल्का टिटोंच्या बाजूनं उभी राहिली ती तिला ते राजकारण पटलं होतं म्हणून. दोन पुरुषांमध्ये असं झालं तर आपण त्याला मतभेद म्हणतो, बायकांमध्ये झालं की मत्सर! मात्र मिल्काच्या काळात कित्येकांची पदं गेली, काही तुरुंगात गेले. ती बाई होती म्हणून ते माफ होत नाही.

टिटो १९८० मध्ये गेले आणि १९८२ मध्ये मिल्का अख्ख्या युगोस्लाव्हियाची पंतप्रधान झाली. पण कधी? देशावर सुमारे वीस अब्ज डॉलरचं कर्ज साचल्यावर! ते काढताना तिला कुणी विचारलं नव्हतं, फेडायला मात्र ती पुढे. आयात कमी केली. पेट्रोल रेशनवर, वीज जायची, दुकानात कॉफी मिळेना. आपल्याकडे चहा तशी तिथे कॉफी, तिच्याशिवाय शेजारणीशी गप्पा नाहीत. लोक सरहद्द ओलांडून इटलीतल्या ट्रिएस्टहून कॉफी आणायचे, तर तिच्या सरकारनं परदेशी जाणाऱ्यांकडून अनामत रक्कम घ्यायला सुरुवात केली. लोक किती चिडले असतील! चार वर्षं तिनं हा संसार ओढला आणि १९८६ मध्ये पायउतार झाली. कर्ज कुणी केलं हे लोक विसरले, कॉफी कुणी बंद केली हे लक्षात राहिलं.

हे वाचताना मला आपली घरं आठवली. भरल्या घराच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. तिजोरीचा तळ दिसायला लागला, की मग ‘‘सूनबाई, आता तूच सांभाळ.’’ आणि जिनं भरल्या तिजोरीचा हिशोब मागितला, ती आगाऊ.

साव्का १९९० मध्ये राजकारणात परतली, नवा पक्ष काढला, १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून तिसरी आली. २००९ च्या ऑगस्टमध्ये ती झाग्रेबमध्ये वारली. चौदा महिन्यांनी त्याच शहरात मिल्का गेली. त्यांचा युगोस्लाव्हिया तोवर नकाशावरून पुसला गेला होता.

सोसायटीचं सेक्रेटरीपद असो की सरपंचपद, बायकांनी किल्ल्या नाकारू नयेत, असंच माझं मत आहे. पण घेण्याआधी तिजोरी उघडून बघावी आणि आत काय सापडलं ते पहिल्याच दिवशी चारचौघांत मोठ्यानं सांगावं.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘परीक्षेत हे विचारत नाहीत.’’ खरंय बाई, परीक्षेत नाही विचारत.