बुधवारची बिदागी

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दहावीचे पेपर संपत आलेले असतील आणि बऱ्याच हॉटेलांत बागेतल्या झाडांवर दिव्यांच्या माळा चढू लागल्या असतील. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचा धंदा. दिवसभर उन्हाने घरात कोंडलेले लोक सात वाजले की बाहेर पडतात, गच्चीवरचे किंवा बागेतले टेबल मागतात आणि रात्री उशिरापर्यंत उठत नाहीत. अलीकडे या संध्याकाळींना गाण्याची जोड देण्याकडे आपला कल वाढला आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक गायिका किंवा गायक, सोबत गिटार, कीबोर्ड किंवा तबला, आणि हे सलग सहा-सात आठवडे. ही कल्पना मला मनापासून आवडते. ती आपल्या धंद्यात टिकावी असे वाटते, म्हणूनच ती ज्या पद्धतीने राबवली जाते त्याविषयी आज लिहितो आहे.

बहुतेक ठिकाणी होते ते असे. मालकाच्या ओळखीतला कोणीतरी गाणारा असतो. त्याला सांगितले जाते, "या की आमच्याकडे, जेवण आमचे, तुमचीही ओळख वाढेल." पैशांचा विषय निघालाच तर "गर्दी बघून देऊ" असे उत्तर मिळते. पहिल्या आठवड्यात गर्दी होते, दुसऱ्यात लग्नाची मोठी तिथी आडवी येते, तिसऱ्यात वळीव कोसळतो आणि गाणे सुरू होण्याआधीच गुंडाळावे लागते. त्या दिवशी गायकाच्या हातात काहीच पडत नाही, कारण गर्दीच झाली नाही. चौथ्या आठवड्यात तो येत नाही. बाहेरचा फलक मात्र महिनाभर तसाच लटकलेला असतो, आणि तो वाचून आलेले कुटुंब "गाणे कुठे आहे?" असे कॅप्टनला विचारत राहते.

दूध गर्दी बघून येत नाही. गॅस, बर्फ, आचाऱ्याचा पगार, भांडी घासणाऱ्या मावशींचा रोज, यातले काहीच गल्ला मोजून ठरत नाही. मग गाणाऱ्याचीच बिदागी गल्ल्यावर का ठरावी? माझे म्हणणे एवढेच आहे, की त्या संध्याकाळी गायक आणि वादक हे तुमच्या हॉटेलचे कामगार आहेत. त्यांचा आकडा हंगाम सुरू होण्याआधी ठरला पाहिजे, लिहिला गेला पाहिजे, आणि पाऊस पडला तरी दिला गेला पाहिजे.

हे मी नव्याने सांगतो आहे असे नाही. मुंबईत हॉटेलातल्या संगीताची जी परंपरा उभी राहिली ती नेमलेल्या बँडवर उभी राहिली. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड आला. पुढे १९३९ पासून दोन दशके ताजचा बँड मिकी कोरिया यांनी सांभाळला. एका जागी दोन दशके! आज गायक, उद्या डीजे, परवा कराओके अशी सरमिसळ तिथे नव्हती. हलदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजे सगळे ज्यांना चिक चॉकलेट म्हणत ते, याच हॉटेली बँडच्या दुनियेतले. दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणि रात्री हॉटेलच्या बँडमध्ये असे अनेक गोवेकर वादकांचे आयुष्य होते. आपल्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेट यांना हाताशी धरले आणि १९५१ च्या 'अलबेला'त तर त्यांचा बँड पडद्यावरच दिसतो. भगवानदादांच्या ज्या गाण्यांवर आजही वरातीत पाय थिरकतात, त्यांच्यातला ट्रम्पेट हॉटेलच्या मंचावर रोज रात्री वाजून तयार झालेला होता. रोज वाजवायला मिळते आणि महिन्याला हातात ठरलेले पैसे पडतात तेव्हाच वादकाचा हात असा तयार होतो.

ताजसारखा बँड नेमण्याची आपली ऐपत नाही, हे खरे. पण सहा-सात आठवड्यांसाठी दोन-तीन माणसे नेमण्याची ऐपत मध्यम हॉटेलाचीही असते. फक्त वार नीट निवडायला हवा, आणि इथेच आपण सर्रास चुकतो. सगळे शनिवार धरतात. शनिवारी तुमचे हॉटेल तसेही भरलेले असते. बाहेर नावे लिहून लोक बाकावर बसलेले असतात. त्या दिवशी गाणे ठेवले तर बसलेली टेबले उठत नाहीत. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकी संशोधकाने १९८६ मध्ये टेक्सासमधल्या एका रेस्टॉरंटच्या अभ्यासावर लिहिलेला निबंध आपल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. त्याने काही दिवस संथ लयीचे आणि काही दिवस जलद लयीचे ध्वनिमुद्रित संगीत लावले. जलद संगीत असताना गिऱ्हाईक सरासरी ४५ मिनिटे टेबलावर होते, संथ असताना ५६ मिनिटे. पेयांवरचा खर्च संथ संगीताच्या दिवशी वाढला. जेवणावरचा खर्च मात्र जवळपास तेवढाच राहिला. मिलिमनचे संगीत पार्श्वभूमीला होते. समोर माणूस गात असेल तर लोक आणखी रेंगाळतील, असे मला वाटते.

आता हे आपल्या शनिवारवर बसवून पाहा. टेबल अकरा मिनिटे जास्त अडते, थाळीचे बिल वाढत नाही आणि बाहेरची रांग कंटाळून शेजारच्या हॉटेलात जाते. म्हणजे गाण्याचा खर्च केला आणि धंदाही घालवला. त्याऐवजी बुधवार घ्या. आठवड्याच्या मध्यावर अर्धी टेबले रिकामी असतात. तिथे माणूस रेंगाळला तर आपले काही अडत नाही, उलट एक कोकम सरबत, एक आमरस, एक सोलकढी वाढते. आणि बुधवार हा मांसाहाराचा वार, तेव्हा मटण-मासळीच्या हॉटेलांना तो गुरुवारपेक्षा केव्हाही सोयीचा. गाणाऱ्यांच्या बाजूनेही तो बरा. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. शनिवार-रविवारी चांगला तबलजी रिसेप्शन सोडून तुमच्याकडे येणार नाही, आणि आला तर दुप्पट मागेल. बुधवारी तो मोकळा असतो. मुहूर्ताची तिथी बुधवारी आलीच तर तो दिवस पंचांग बघून आधीच वगळावा.

हिशेब कसा मांडायचा तेही सांगतो. समजा गायिका आणि दोन वादक मिळून १२,००० रुपये आणि साउंडवाल्याचे ५,०००. एका संध्याकाळचे १७,००० झाले. पंचवीस टेबलांवर वाटले तर टेबलामागे ६८०. हे ६८० त्याच टेबलाच्या त्याच बिलातून काढायला गेलात तर पहिल्याच बुधवारी हिरमुसाल. सात बुधवारांचे १,१९,००० रुपये हे हंगामाचे भांडवल म्हणून बाजूला काढा आणि मेच्या शेवटी या वर्षीचे बुधवार गेल्या वर्षीच्या बुधवारांशी ताडून बघा. मध्येच तिसऱ्या आठवड्यात "परवडत नाही" म्हणून बिदागी कापणे सर्वांत वाईट, कारण लोकांना वार पाठ व्हायलाच तीन-चार आठवडे लागतात. एवढी रक्कम झेपत नसेल तर सात आठवडे दोघांनाच बोलवा, माइकही भाड्याने घेऊ नका. पण जे ठरवाल ते पुरे करा.

गेल्या मे महिन्यात एका बागेतल्या हॉटेलात जेवत होतो. गायिका उत्तम होती. तिला बसायला जागा दिली होती ती रस-मिल्कशेकच्या काउंटरला खेटून. तिने हळुवार आलाप घेतला की मागे मिक्सर फिरायचा. डाव्या हाताला तंदूर होता आणि वारा फिरला की धूर थेट तिच्या तोंडावर. दोन गाण्यांनंतर ती खोकू लागली, पाणी मागितले, तर वेटर म्हणाला, "मॅडम, बिसलेरीचं बिल कुणाच्या नावावर करू?" त्या पोराचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की या बाई कोण आहेत. दुपारच्या ब्रीफिंगमध्ये जसे "आज पापलेट नाही" सांगतो, तसेच आज कोण गाणार आहे, त्यांना पाणी-चहा कोण देणार, गाणे चालू असताना मिक्सर आतल्या किचनमध्ये कसा न्यायचा, हे सांगितले पाहिजे. फर्माईशीची चिठ्ठी गाणे संपल्यावर द्यायची, मध्येच माइकसमोर धरायची नाही. गायिकेला रात्री घरी सोडायला गाडी कोणाची, हेही तेव्हाच ठरावे.

आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चांगल्या मालिका बंद पडतात त्या बहुतेक आवाजापायी. एक मोठा स्पीकर कोपऱ्यात ठेवून त्याचे तोंड बागेकडे करणे ही आपली सवय. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून दोन मीटरवर ८० असेल तर चार मीटरवर ७४, आठवर ६८, सोळावर ६२. म्हणजे शेवटच्या टेबलाला ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला की पहिल्या टेबलावरच्या आजोबांच्या कानठळ्या बसतात. मग पहिल्या टेबलावरचे लोक ओरडून बोलतात. आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ मध्येच दाखवून दिले होते. लोक मोठ्याने बोलू लागले की गायक साउंडवाल्याला खूण करतो, तो फेडर वर सरकवतो आणि नऊ वाजेपर्यंत कोणालाच काही ऐकू येईनासे होते. उपाय साधा आहे. एका मोठ्या स्पीकरऐवजी चार छोटे घ्या, ते टेबलांच्या मधे पसरून लावा आणि आवाज एवढाच ठेवा की समोरासमोर बसलेल्या दोघांना नेहमीच्या सुरात बोलता यावे. ज्याला गाणे ऐकायचे आहे तो पुढचे टेबल मागून घेतो.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला यात सूट आहे, बागेला आणि गच्चीला नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाची ६५ आणि ५५. खासगी जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त चालतात. म्हणजे निवासी भागात शेजारच्या सोसायटीच्या भिंतीपाशी दहाच्या आत ६०, साधारण दोन माणसांच्या गप्पांइतका आवाज. तेव्हा शेवटचे गाणे पावणेदहाला संपवा. मालिका सुरू होण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन भेटा, तारखा द्या आणि तुमचा मोबाइल नंबरही द्या. तक्रार आधी तुमच्या फोनवर यावी, पोलीस ठाण्यात जाऊ नये.

पोलिसांच्या परवान्याचे आधी विचारून घ्या. 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की आपल्याकडे अजूनही बारच आठवतो आणि कपाळाला आठ्या पडतात. पण एक लक्षात ठेवा, मंचावर किती स्त्रिया आणि किती पुरुष यावर घातलेली अट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, त्यात कोण किती हे कलाकारांनी ठरवायचे.

चित्रपटातली किंवा भावगीतांच्या तबकड्यांवरची गाणी गाणार असाल तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना लागतो. मध्यंतरात मोबाइलवरून मूळ गाणी लावलीत तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. आणि कलाकाराचे गाणे तुम्ही चित्रित करून तुमच्या जाहिरातीत वापरणार असाल तर त्याची लेखी संमती घ्या. कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा तो स्वतंत्र हक्क आहे. बिदागी दिली म्हणजे रील बनवायचीही मुभा मिळाली, असा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे.

वळिवाचे तेवढे राहिले. मेमध्ये ढग भरून यायला अर्धा तास पुरतो. मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि जोडण्या जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, वर ताडपत्री आधीच बांधलेली असू द्या. बागेतल्या प्लगला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गाणाऱ्याच्या ओठांना धातूचा माइक लागलेला असतो आणि पायाखाली ओली माती असते. ढगाचा पहिला गडगडाट झाला की मेन बंद करायचा, हे काम एका ठरलेल्या माणसाचे असावे. पाऊस आला तर आत, माइकशिवाय, गाणे होऊ शकते. ते जमले नाही तरी बिदागी पूर्ण. करारात हे वाक्य ठळक लिहा.

या अंकात पृष्ठ २२ वर अशा कराराचा एक पानी नमुना दिला आहे. त्यात वार, वेळ, रक्कम, आगाऊ किती, पावसाचे काय, जेवण आणि येण्या-जाण्याची सोय आणि चित्रणाची संमती, एवढेच रकाने आहेत. तो जसाच्या तसा वापरा किंवा बदलून घ्या. आणखी एक विनंती आहे. तुमच्या गावात गायक, गिटारवाला, तबलजी, साउंडवाला यांना एका संध्याकाळचे तुम्ही किती देता, ते आम्हाला कळवा. हॉटेलाचे नाव छापणार नाही, फक्त गाव आणि रक्कम छापू. कलाकारांनीही त्यांना मिळालेल्या रकमा कळवाव्यात. १५ एप्रिलपर्यंत आलेले आकडे मेच्या अंकात गावांनुसार देऊ, म्हणजे ज्यांची मालिका अजून ठरायची आहे त्यांना उरलेल्या बुधवारांसाठी आकडा ठरवताना अंदाजपंचे बोलावे लागणार नाही.