पाठीवर हवेची टाकी असताना स्नॉर्कल कशाला?

नागपूरला समुद्र नाही. त्यामुळे पावसाळा संपला की इथल्या हौशी मंडळींचे स्कुबाचे बेत मालवण-तारकर्लीचे ठरतात. मग प्रश्न येतो: पाठीवर टाकी असताना स्नॉर्कलची नळी हवीच का?

हिशेब काय सांगतो?

11 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाने साधारण 2200 लिटर हवा मावते. पाण्यावर पोहताना मिनिटाला 20 लिटर हवा लागते असं धरलं, तर 10 मिनिटांत 200 लिटर संपते. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून तिथे हीच हवा 5 मिनिटं पुरली असती. स्नॉर्कलमुळे ती वाचते.

मग अनेक जण तो का टाळतात?

वर आल्यावर जॅकेटमध्ये हवा भरून, उताणं होऊन पाय मारत बोट गाठता येते. शिवाय पाण्याखाली नळी मास्क ओढते, जाळ्यात अडकू शकते.

खरी गरज कधी?

टाकी संपत आलीय, बोट लांब आहे आणि लाटा तोंडावर आदळतायत, तेव्हा. म्हणूनच पॅडीच्या ओपन वॉटर कोर्समध्ये रेग्युलेटर काढून स्नॉर्कल तोंडात धरण्याचा सराव करून घेतात.

थोडक्यात काय?

मालवणात पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्या पर्यटकासोबत प्रशिक्षक असतो, बोटही जवळ असते. त्याचं स्नॉर्कलवाचून अडत नाही. पण कोर्स करून किनाऱ्यापासून लांब जाणाऱ्याने घडी होणारा स्नॉर्कल खिशात ठेवलेला बरा.