टोपली, कला आणि जन्म

टोपली ही कलाकृती असू शकते काय, असे विचारणाऱ्यांनी अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याकडे पाहावे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी तेथील भातशेतीत धान्य पाखडण्यासाठी गवताच्या पसरट टोपल्या केल्या. गवताच्या जुडीचे एकावर एक वेढे देत ते पानांच्या पट्ट्यांनी शिवत जायचे, ही त्यांची पद्धत. त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाने नोंदली नाहीत. त्यांच्याच गुल्ला समाजातील मेरी जॅक्सन ही विद्या आई-आजीकडून शिकल्या. २००८ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांची टोपली स्मिथसोनियनच्या कलासंग्रहालयात आहे. गवत तेच, टाकाही तोच. करणारीला मात्र नाव मिळाले, मोल मिळाले आणि निवडीचे स्वातंत्र्यही.

आपल्याकडे सूप-टोपली विणणाऱ्या बुरुडाच्या बोटांत कौशल्य कमी नव्हते. जातीने ते जन्माला जखडले आणि त्याचे मोल हलके ठेवले. बाबासाहेबांचा आक्षेप हातांच्या श्रमाला नव्हता, तो श्रम जन्मावरून लादण्याला होता. म्हणूनच ‘पारंपरिक कला जपा’ हा उपदेश केवळ त्याच घरांतील मुलांना करणे मला मान्य नाही. आपल्या वसतिगृहात बांबूकाम जरूर शिकवावे. परंतु सर्वांना, चित्रकलेच्या बरोबरीने, आणि प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचे नाव घालून. ज्याला नको त्याला नकाराची मोकळीक असावी. ज्याला हवे त्याला कलावंताचा मान मिळावा.