घंटागाडी गल्लीच्या तोंडाशीच का थांबते?

स्वच्छ सर्वेक्षणाचे निकाल लागले आणि शहराचा क्रमांक वर गेला की चौकाचौकात अभिनंदनाचे फलक झळकतात. त्याच दिवशी आपल्या मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग तसाच असतो. बाहेरचा माणूस नाक दाबून म्हणतो, "ही वस्तीच घाण." आपण चिडतो. पण हा ढीग रोज तिथेच का साचतो, याचा शांतपणे विचार आपणही करत नाही.

आधी नियम पाहू. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरोघरी जाऊन वेगळा केलेला कचरा गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. त्यात झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख झाला. म्हणजे "तुमची वस्ती अनधिकृत आहे" हे उत्तर कचऱ्याच्या बाबतीत चालत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? गाडी चारचाकी, गल्ली पाच-सहा फुटांची. गाडी मोठ्या रस्त्यावर येते, गाणं वाजवते, दोन मिनिटं थांबते आणि निघते. आतल्या गल्लीतली म्हातारी बादली घेऊन पोहोचेपर्यंत ती पुढच्या चौकात गेलेली असते. यंत्रमागाच्या वस्तीत रात्रपाळी करून आलेला कामगार तेव्हा गाढ झोपेत असतो. मग पिशवी जाते ती थेट कोपऱ्यावर.

गल्ली अरुंद आहे ही सबब मात्र खरी नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्य, ज्यात बहुतांश महिला आहेत, ढकलगाडी घेऊन दारापर्यंत जातात. घरटी दरमहा शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, यावर त्यांची रोजी चालते. दुसरं उदाहरण आपल्या घरातलं आहे. बकरी ईदच्या तीन दिवसांत अनेक शहरांत पालिका जादा गाड्या आणि माणसं लावते, गल्ल्या साफ होतात. तीन दिवस जमतं, तर बाकीचे दिवस का नाही? हा प्रश्न आपण नगरसेवकाला कधी विचारला?

पण निम्मं काम आपलंही आहे. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देणं याच नियमांनी प्रत्येक घरावर बंधनकारक केलं. शिळा भात, डायपर, औषधाच्या बाटल्या एकाच पिशवीत बांधल्या की त्याचं खतही होत नाही आणि पुनर्वापरही होत नाही. तो कुणाच्या तरी उशाशी जाऊन पडतो. मुंबईत १९२७ पासूनचं देवनार डम्पिंग ग्राउंड गोवंडीच्या गोरगरिबांच्या उशाशी आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा धूर आधी त्यांच्याच घरात शिरला. औरंगाबादेत फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा सारं शहर तुंबलं आणि मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेकीपर्यंत वेळ आली. आपण न निवडलेला कचरा असा फिरून आपल्यासारख्यांच्याच दारात येतो.

म्हणून मागणी आणि जबाबदारी दोन्ही सोबत हव्यात. अरुंद गल्ल्यांसाठी ढकलगाडी, रात्रपाळीच्या वस्तीत संध्याकाळची एक फेरी आणि गाडीची ठरलेली वेळ, एवढं प्रभाग कार्यालयाकडे लेखी मागू या. अर्जावर गल्लीतल्या बायकांच्या सह्या आधी घ्या, कारण बादली त्यांच्याच हातात असते. अर्जाची पोचही जपून ठेवा. मशिदीच्या माईकवरून जनाज्याची खबर देतो, तशी गाडीच्या वेळेची खबरही देता येईल. आणि रोज आपली घाण हाताने उचलणाऱ्या माणसाला सलाम करून पाणी विचारायला कुठलाच अर्ज लागत नाही.

मोहल्ल्याची बदनामी भाषणांनी पुसली जाणार नाही. कोपरा साफ झाला की बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतील. सुरुवात उद्या सकाळी घरातल्या दोन डब्यांपासून करू या.