भुताने शिकवलेला डाव

जपानी कार्टून म्हटले की आपल्याकडच्या पालकांच्या डोळ्यांपुढे गुद्दे आणि स्फोटच येतात. ‘हिकारू नो गो’ त्यांनी मुलांशेजारी बसून पाहावी. ऑक्टोबर २००१ ते मार्च २००३ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर तिचे ७५ भाग झाले. सहावीतल्या हिकारूला आजोबांच्या अडगळीत ‘गो’चा जुना पट सापडतो आणि हजार वर्षांपूर्वीचा साई नावाचा खेळाडू त्याच्या मानगुटीवर बसतो. (भूत कसले, पोरासारखे रडते ते!) १९ उभ्या, १९ आडव्या रेघा, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, अधिक जागा वेढणारा जिंकला. हरणारा मान लववून ‘हरलो’ म्हणतो. आपल्या घरात पत्त्यांचा डावसुद्धा इतक्या शांतपणे संपत नाही.

साईला सोंगटी उचलता येत नाही. हात मुलाचा, बुद्धी त्याची. पण मुलाला स्वतः खेळायची ओढ लागते आणि साईच्या वाट्याला गप्प बसणे येते. गुरूचा हा हेवा मालिका झाकत नाही, म्हणून ती आईबापांनीही पाहावी. पुढे एके दिवशी बोलता बोलता साई नाहीसा होतो. हिकारू खेळणेच सोडतो, त्याला शोधत गावोगाव, थडग्यांपर्यंत हिंडतो. साई सापडतो तो फार नंतर, मित्राबरोबरच्या डावात, हिकारूच्या स्वतःच्याच एका खेळीत.