माकडं पकडणारे आहेत, पाहणारे कुठे आहेत?

प्रति,
माननीय प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, वन भवन, नागपूर



मी कोकणातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं बागायतदारांच्या घरातली आहेत. माकड हा त्यांच्या घरी रोजचा विषय. शहाळी झाडावर टिकत नाहीत, मोहोर ओरबाडला जातो, परसातली पडवळं आणि वाल हाती लागत नाहीत, भुईमूग तर कित्येकांनी करायचाच सोडला. याच घरांतली काही मुलं एम.एस्सी. झाल्यावर माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "मॅडम, मला माकडांवरच काम करायचंय. कुठे जागा मिळेल?" त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्यापेक्षा आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला आणि तेही जाहीरपणे लिहिते आहे.

आज या क्षेत्रात जागा मिळते कशी, ते आधी सांगते. एखाद्या शास्त्रज्ञाला अनुदान मिळतं, त्याला सहायक हवा असतो, ओळखीतल्या ओळखीत निरोप जातो आणि जाहिरात बाहेर येईपर्यंत माणूस बहुतेक ठरलेला असतो. जाहिरात आलीच तर तिच्यात अट असते, रानात काम केल्याचा अनुभव हवा. तो पहिला अनुभव कुणी द्यायचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरच्या एन.सी.बी.एस.मधला वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम, दोन्ही उत्तम आहेत. पण जागा मोजक्या आणि अर्ज देशभरातून. नेट परीक्षा देऊन जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. मात्र त्या परीक्षेत पेशी आणि रेणूंचा भार मोठा. दिवसभर एका टोळीमागे चालायची तयारी आहे का, हे तिथे कुणी तपासत नाही.

उरतो परदेशाचा रस्ता. माझ्या एका विद्यार्थिनीने तिकडच्या एका प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून अर्ज केला. निवडही झाली. नंतर कळलं की राहण्या-जेवणाचे पैसे दर महिन्याला तिनेच भरायचे आहेत, विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च वेगळा. दूरच्या जंगलातली छावणी चालवायला पैसा लागतो, हे मला समजतं. पण काम करायचं आणि वर पैसेही भरायचे, हे काजूच्या बोंडांवर वर्ष काढणाऱ्या घराला कसं जमावं? ती मुलगी आज औषधांच्या कंपनीत गोळ्यांचा दर्जा तपासते. नोकरी चांगली आहे. पण लाल तोंडाच्या माकडांमधल्या नात्यांची तिला जी जाण होती ती मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही आणि ती वाया गेली याचं मला वाईट वाटतं.

माकडं पाहणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. टोळी ज्या झाडावर रात्र काढते त्याच्याखाली फटफटायच्या आत पोचायचं आणि संध्याकाळी ती पुन्हा झाडावर चढेपर्यंत तिच्याबरोबर राहायचं. पहिले काही महिने तर माकडांना आपली सवय होण्यातच जातात. तोवर एकेक प्राणी ओळखायला शिकायचा. हिचा डावा कान फाटलाय, त्याच्या शेपटीला शेंड्याकडे गाठ आहे, या म्हातारीचा खालचा ओठ लोंबतो. मग ठरावीक अंतराने घड्याळ पाहून नोंद करायची की दिसणाऱ्यांपैकी प्रत्येक जण या क्षणी काय करतोय. खातोय, चालतोय, झोपलाय की दुसऱ्याच्या उवा काढतोय. मध्येच एकच प्राणी निवडून काही मिनिटं फक्त त्याच्यावर नजर ठेवायची. बाजूला मारामारी पेटली तरी मान वळवायची नाही, कारण जे नजरेत भरतं तेच लिहिलं तर वही सगळी भांडणांनी भरते आणि शांतपणे पाला खाण्यात गेलेले तास नाहीसे होतात. जीन अल्टमन यांनी १९७४ साली हा नियम नीट मांडला आणि तेव्हापासून जगभर तो पाळला जातो. जोडीला महिन्यातून एकदा खुणा केलेल्या झाडांची फेरी मारायची. कुठे पालवी, कुठे कळी, कुठे कच्चं फळ, सगळं लिहायचं. याला फार महागडी यंत्रं लागत नाहीत. दुर्बीण, वही, जीपीएस आणि चिकाटी असलेला माणूस पुरतो.

महोदय, असा माणूस नसल्यामुळे काय होतं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोकणात दोन वेगळे प्राणी आहेत आणि तक्रारीच्या अर्जात दोघांचं नाव एकच, 'माकड'. काळ्या तोंडाचा वानर मुळात पालाखाऊ. त्याचं पोट कोवळा पाला पचवण्यासाठी घडलेलं. एका हुप्प्याच्या भोवती माद्या आणि पिल्लं, आणि बाहेर टपून बसलेली नरांची टोळकी, अशी त्याची बहुतेक ठिकाणची घडण. लाल तोंडाचं केलडं अगदी निराळं. त्याच्या गालात पिशव्या असतात. बागेत शिरायचं, दोन्ही गाल भरायचे आणि लांब जाऊन निवांत खायचं, ही त्याची रीत. त्याच्या टोळीत नर अनेक असतात. माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, नर वयात आल्यावर बाहेर पडतात. आता पिंजरा लावून यातले जे सापडतील ते उचलून दूरच्या जंगलात सोडले तर मागे कोण उरलं? माद्यांची साखळी तुटली का? रिकाम्या झालेल्या बागेत शेजारची टोळी किती दिवसांत आली? सोडलेले प्राणी जगले का? हे सांगायला पकडण्याच्या आधी आणि नंतर कुणीतरी तिथे बसलेलं असावं लागतं.

हिमाचल प्रदेशाने २००७ च्या सुमारास माकडांची नसबंदी सुरू केली. आजवर दीड लाखाहून जास्त माकडांवर शस्त्रक्रिया झाली. तरीही २०१६ मध्ये शिमला शहरात माकडांना उपद्रवी घोषित करण्याची वेळ आलीच. इतका पैसा खर्चून महाराष्ट्राने तोच रस्ता डोळे मिटून धरू नये.

बीड जिल्ह्यातल्या लवूळची गोष्ट आपल्या खात्याला चांगली आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये वानर कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि घरांवर नेत होते. बातमी जगभर गेली ती 'माकडांचा सूड' म्हणून. खात्याने दोन वानर पकडून दूर सोडले. ते वानर असं का वागले, हा प्राण्यांच्या वर्तनातला मोठा मोलाचा प्रश्न होता. त्या टोळीची आधीची काही वर्षांची वही कुणाकडे असती तर उत्तराच्या जवळ तरी जाता आलं असतं. वही नव्हती, म्हणून सुडाची कथा तेवढी उरली.

आणि माकडताप. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात शिरला. गोचिडीतून पसरणाऱ्या या तापाची पहिली खूण म्हणजे रानात मरून पडलेलं माकड. ज्याला आपल्या भागातली टोळी तोंडपाठ आहे त्याला एक प्राणी कमी झाल्याचं त्याच दिवशी कळतं. काजूच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते काही दिवस फार मोलाचे असतात. म्हणून या जागांकडे अभ्यासकांचे लाड म्हणून पाहू नका. हे सार्वजनिक आरोग्याचंही काम आहे.

हे काम स्थानिक माणसं उत्तम करतात, याचा दाखला जपानमध्ये आहे. कोशिमा बेटावर क्योटो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९४८ मध्ये माकडांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या एका मादीने १९५३ साली रताळं पाण्यात धुऊन खाल्लं आणि पुढे टोळीतली बहुतेक माकडं तसं करू लागली, हे आज शाळेच्या पुस्तकांतही येतं. रताळं धुण्याची ती पहिली घटना ज्यांनी टिपली त्या सात्सुए मितो गावातल्या शिक्षिका होत्या. पुढे कित्येक वर्षं त्यांनी ती नोंद सोडली नाही. त्याच क्योटोच्या परंपरेतले युकिमारू सुगियामा १९६१ मध्ये धारवाडला आले. नवा नर टोळी जिंकतो तेव्हा तान्ही पिल्लं मारली जातात, ही वानरांच्या अभ्यासाला कलाटणी देणारी नोंद त्यांनी तिथे केली. धारवाड बेळगावच्या शेजारी. आपल्या अंगणातच म्हणा ना. आणखी एक गोष्ट मला फार बोचते. १९३८ मध्ये भारतातून ४०९ माकडं जहाजाने पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर नेली गेली. त्यांच्या वंशजांची आई-मुलांची नोंद तिथे आजही ठेवली जाते. आपली माकडं तिकडे पिढ्यान्पिढ्या नावानिशी ओळखली जातात. इथे मात्र ती पंचनाम्यातला एक शब्द आहेत.

केलडं भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेही रानात आढळत नाही. जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी आहे, कारण उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड त्याच्या मुलखात खाली सरकत आहे आणि बऱ्याच भागांत त्याची संख्या घटली आहे. बागायतदार म्हणतो माकडं वाढली, शास्त्र म्हणतं कमी झाली. माझ्या मते दोघंही खरं बोलत असतील. जंगलातून गेली आणि वाडीत आली, असंही असू शकेल. पण ठामपणे सांगायचं तर आकडे हवेत आणि आकडे गोळा करणारी पोरं हवीत.

म्हणून मागणं असं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात निवडक गावांत खात्याने माकडांच्या कायमच्या निरीक्षणाची केंद्रं उभी करावीत. तिथल्या जागा मराठीत, मुदतीआधी पुरेसे दिवस राहतील अशा बेताने जाहीर कराव्यात आणि पहिल्या जागेसाठी अनुभवाची अट ठेवू नये. मानधन द्यावं. स्वयंसेवक म्हटलं तरी जेवण, प्रवास आणि विमा त्याच्या खिशातून जाऊ नये. मुलींना पाठवताना आई-बाप पहिलं विचारतात ते राहायची सोय कशी आहे. खात्याची विश्रामगृहं त्यासाठी मोकळी करावीत. बारावी झालेला, झाडावर चढून नारळ काढणारा मुलगाही या कामाला चालेल, कारण तो टोळी कुठून येते हे माझ्यापेक्षा जास्त जाणतो. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडं रस्त्यावर उतरतात तिथे स्थानिक माणसांनाच राखणीला ठेवलं आहे आणि त्यांच्या नोंदी संशोधनात वापरल्या जातात. अभयारण्यात अभ्यासाला जायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे परवाना लागतो. तो लागावाच. पण विद्यार्थ्याचं दोन वर्षांचं शिक्षण परवान्याच्या वाटेकडे डोळे लावून सरू नये. अर्जाचा निकाल किती दिवसांत लागेल ते खात्याने लिहून द्यावं. ज्याने नोंद केली त्याचं नाव अहवालात यावं आणि अहवाल ज्या गावातला असेल त्या ग्रामपंचायतीत मराठीत वाचून दाखवावा.

दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, मुंबईला १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता शिकवली जाते. प्रशिक्षण द्यायला माणसं आहेत. माझं महाविद्यालयही दुर्बिणी आणि एक खोली द्यायला तयार आहे. आपण बोलवाल त्या दिवशी मी नागपूरला येईन.

येत्या मोहोराच्या आधी निदान एका तालुक्यात, निदान एका टोळीमागे दोन माणसं नेमा. या वर्षीही माझ्याकडे एम.एस्सी. झालेली तीन मुलं वाट पाहत बसली आहेत आणि दिवाळीनंतर तीही दुसरी नोकरी धरतील.

आपली नम्र,
कोकणातली एक शिक्षिका