शाळेच्या पटावरून नाव काढू नका

मैत्रिणींनो, लोणावळ्याच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी सातवीत. स्नायूंचा आजार बळावल्याने तिला जिना चढवत नाही. त्यात आपल्याकडचा पाऊस! जरा सर्दी झाली की छातीत उतरते. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. शाळा म्हणते, "दाखला काढून न्या." भगिनी विचारते, "घरीच बसायची, तर नाव ठेवून उपयोग काय?"

ताई, उपयोग मोठा आहे. दाखला मुळीच काढू नका! शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत शाळेला मुलाचे नाव कमी करता येत नाही. २०१२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क मिळाला. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात स्नायूंचा हा विकार तर आहेच, शिवाय थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आहेत.

आता कामाला लागा. पुण्याच्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्या. त्याची नक्कल जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. दुसरा अर्ज वडगावला, मावळ पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक अशा मुलांना घरी येऊन शिकवतात. ते रोज येतील असे मात्र धरून चालू नका. वर्गशिक्षिकेकडून आठवड्याचा अभ्यास मागून घ्या. कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या दुखण्यात हे प्रमाणपत्र मिळेलच असे नाही. तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून शाळेशी असेच ठरवून घ्यावे.

घरी शाळेसारखे तासन्‌तास बसवू नका. औषध घेतल्यावर तिला हुशारी वाटेल तेव्हा वीस मिनिटे पुस्तक, मग विश्रांती. आज नाही झाले, तर उद्या. तुम्हाला गणित येत नाही म्हणून खंत करू नका; वेळ सांभाळणे एवढेच तुमचे काम. पुढे दहावीला प्रमाणपत्र असलेल्या मुलांना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, तेही ध्यानात ठेवा.

आणि एक. रविवारी तिच्या वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला घरी बोलवा. गरम पोहे करा, दोघींना बोलू द्या. वर्गातल्या गमतीजमती कळत राहिल्या, की आपण अजून त्याच वर्गातल्या आहोत हे तिला वेगळे सांगावे लागणार नाही.